घर, पडदा आणि आपण

वाचकहो, रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावरील वाहनांच्या गर्दीतून सुटून गृहस्थ नुकतेच घरी पोहोचले आहेत. पाने वाढली आहेत. मुलगा एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने मोबाइलवर खेळतो आहे, मुलगी कानांत श्रवणयंत्रे घालून बसली आहे, आईची मालिका चालू आहे आणि वडील कचेरीचे निरोप वाचीत आहेत. असे घर आपण पाहिले नसेल, असे नाही. कदाचित ते आपलेच असेल.

अशा घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : “या यंत्राने मुले बिघडली.” नाटक, कादंबरी, बोलपट, या प्रत्येकाविषयी वडीलधाऱ्यांनी आपापल्या काळी हेच म्हटले होते. म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. पण नेमके काय बदलले, ते पाहावयास हवे.

१९३५ साली म्हैसूरमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र उभारले. ‘आकाशवाणी’ हे नाव त्याच केंद्राशी निगडित आहे. रेडिओ घरी आला, तो दिवाणखान्यात बसला. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी शेजारीपाजारीही त्याच खोलीत गोळा होत असत. एखादा प्रसंग खटकला, तर आजी तेथल्या तेथे बोलून दाखवीत असे आणि नातू तिच्याशी वाद घालीत असे. बरेवाईट काय, याचे शिक्षण त्या वादातूनच होई. आता ज्याचा त्याचा पडदा निराळा. तेरा वर्षांच्या मुलाने काय पाहिले, हे कोणास ठाऊक नसते. मग त्याविषयी बोलणार कोण?

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेत २०१४ साली अशा व्यसनांसाठी ‘शट’ नावाचे खास चिकित्सालय सुरू झाले. तेथे आलेल्या एका २६ वर्षांच्या बेकार तरुणाची हकीकत २०१८ मध्ये वृत्तपत्रांतून आली होती. दिवसाचे सात तासांहून अधिक वेळ तो मालिका पाहत असे. घरून नोकरीसाठी तगादा चाले, मित्र पुढे गेले होते. तो विसर पडावा म्हणून पडदा. यंत्र काढून घेतले असते, तरी तगादा राहिलाच असता! मुलाच्या हातातील मोबाइल हिसकावण्यापूर्वी, तो कशापासून पळतो आहे, हे विचारण्याची तसदी आपण कितीदा घेतो?

आता सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव पाहा. १४ ऑगस्ट २०२२ रोजी तेथील ग्रामसभेने ठरविले, की रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच दीड तास दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद ठेवावयाचे. विषय प्रथम निघाला, तेव्हा पुरुष मंडळी हसली होती. पुढे गावातील स्त्रियांना एकत्र बोलावले, तेव्हा, “आम्हीही मालिका फार पाहतो,” अशी कबुली त्यांनी दिली आणि काही वेळ संच बंद ठेवण्यास त्या राजी झाल्या. मला या हकीकतीत भोंग्यापेक्षा ती कबुली अधिक मोलाची वाटते. मुलांना अभ्यासाला बसविणाऱ्या आईने आपली मालिका आधी बंद केली, तर मुलास तक्रारीला जागा उरत नाही.

बेंगळुरूच्या बहुमजली इमारतीत भोंगा कोण वाजविणार, असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. आरंभी सांगितलेल्या त्या घरात तर अडचण आणखी निराळी आहे. अमेरिकेत त्या वेळी सकाळ असते आणि गृहस्थांची बैठक ऐन जेवणाच्या वेळी सुरू होते. त्यांचा मोबाइल करमणुकीसाठी नव्हे, पोटासाठी वाजतो. त्या घरात जेवणापुरती वीस मिनिटे शांतता हवी असेल, तर ती मुलांकडे मागण्याआधी गृहस्थांना आपल्या कचेरीकडे मागावी लागेल.