जात्याची घरघर पुसू नका

बचत गटाच्या कामानिमित्त मुळशीतल्या घराघरांत जाते तेव्हा फडताळात एखादी तरी जुनी कॅसेट सापडतेच. कुणाची हळदीची गाणी, कुणाचं भजन, आणि नशीब असेल तर आजीच्या जात्यावरच्या ओव्या!

मैत्रिणींनो, हे धन केवढं मोठं आहे! गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या. आपल्या कोळवड्याच्या बायकाही त्यात आहेत. पुढे बर्नार्ड बेल यांनी १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या येऊ लागल्या. पण फडताळातल्या कॅसेटींचं काय?

आता घरातली पोरंच त्या कॉम्प्युटरवर घेतात. माझ्या भाच्यानं एका आजींची ओवी अशीच ‘साफ’ केली, वर तानपुरा आणि ढोलकी चढवली. आजींनी ऐकलं नि विचारलं, “अगं, माझं जातं कुठं गेलं?”

गेलं होतं खरंच. टेपची खरखर एकसारखी चालते, तशीच जात्याची घरघरही. कॉम्प्युटरला दोन्ही सारखीच, कचरा! खरखर पार पुसायला गेलं, की जातं पुसलं जातं आणि वर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

टेपच्या आवाजाला ऊब असते म्हणतात, ते उगीच नाही. आवाज जोरात आला की चुंबकीय फीत त्याची टोकं हळूच बोथट करते आणि मूळ सुरात त्याच्याच पटीतले बारीक सूर मिसळते. कॉम्प्युटरमध्ये मर्यादा ओलांडली की टोक सपाट छाटलं जातं, आवाज फाटतो. म्हणून जुन्या आवाजाशेजारी नवं वाद्य फार झगझगीत वाटतं. त्याचा तीक्ष्णपणा थोडा उतरवावा लागतो.

दुसरी अडचण सुराची. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. प्लेअरचा पट्टा सैल झाला, की वेग बदलतो आणि सूरही वरखाली होतो. अशा वेळी तानपुरा आजींच्या सुराला लावायचा, आजींना तानपुऱ्याला जुळवायला ओढायचं नाही!

आणि एक नक्की करा. आधी कॅसेटची जशीच्या तशी नक्कल काढून दोन ठिकाणी ठेवा. जी काही कलाकुसर करायची ती दुसऱ्या नकलेवर.

आजींची ओवी आम्ही पुन्हा मूळ कॅसेटवरून घेतली. खरखर जराशीच कमी केली, तानपुरा मागे ठेवला. ढोलकी मात्र मी काढायला लावली. जात्याला स्वतःचा ताल असताना ढोलकी कशाला? भाचा अजून रुसलाय.