सापांना तापाची गोळी

हेलिकॉप्टरमधून जंगलावर मेलेली उंदरांची पिल्लं टाकायची, तीही प्रत्येकाला पॅरासिटामॉलची गोळी चिकटवून! ऐकायला थापच वाटते. पण पॅसिफिक महासागरातल्या गुआम या अमेरिकेच्या बेटावर सरकारी खर्चानं हे केलं गेलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानात लपून तपकिरी वृक्षसर्प इथे आला, असं मानतात. इथल्या पक्ष्यांनी असा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. रात्री झाडावर चढायचं आणि अंडी, पिल्लं, जमलंच तर त्यांच्या आईलाही गिळायचं! जंगलातल्या मूळच्या १२ पैकी १० जातींचे पक्षी बेटावरून नाहीसे झाले. आता तिथे किलबिल नाही, कोळ्यांची जाळी मात्र जिकडेतिकडे. शिवाय साप विजेच्या तारांवर चढला की वीज गेलीच. शाळेत घोकलेलं ‘साप शेतकऱ्याचा मित्र’ इथे कुणाला सांगायची सोय नाही.

सापळे लावले, विमानतळावर सामान हुंगायला जॅक रसेल जातीचे कुत्रे ठेवले, कारण हा साप उद्या हवाईला पोचला तर तिथल्या पक्ष्यांचं काय? मग अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांना त्याची दुखरी नस सापडली. अवघ्या ८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलनं त्याचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि तो मरतो. दुसरं म्हणजे, हा साप मेलेलं भक्ष्यही आवडीनं खातो. पिल्लाला कागदी पट्टी बांधली की ते खाली न पडता फांद्यांत अडकतं, म्हणजे सापाच्या अगदी ताटात! डिसेंबर २०१३ मध्ये अशी सुमारे दोन हजार पिल्लं टाकली गेली. बाकी प्राण्यांना धोका? मोठ्या जनावराला एवढ्याशा गोळीनं फारसं काही होत नाही. आणि ते आमिष उचलायला पक्षी उरलेत कुठे?

पण साप लाखोंनी आहेत. एक तुकडा साफ केला की शेजारून नवे येतात, म्हणून त्याला कुंपणही घालावं लागतं. बरं, साप कमी हिकमती नाही. मैनेच्या जातकुळीतल्या एका पक्ष्याची घरटी वाचवायला खांबाला गुळगुळीत पत्र्याचं नळकांडं बसवलं, तर पठ्ठ्या शरीराचा फास करून त्यावरही चढला! हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

गुआमचा खंड्या, स्थानिक भाषेत ‘सिहेक’, १९८० च्या दशकात पकडून प्राणिसंग्रहालयांत वाढवला म्हणून वाचला. २०२४ मध्ये त्यातले काही पक्षी पुन्हा रानात सोडले, पण ते दूरच्या, साप नसलेल्या पाल्मायरा बेटावर. गुआमला अजून नाही.