सुट्या भागाचा सातबारा

८ सप्टेंबर १९८९. ओस्लोहून हॅम्बुर्गला निघालेलं पार्टनेअर कंपनीचं कॉन्वेअर ५८० विमान डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. विमानातले सगळे ५५ जण गेले. समुद्रातून अवशेष वर काढून तपासले, तेव्हा शेपटीचा उभा पंख धडाला जोडणाऱ्या चार बोल्टांपैकी तीन अस्सल नसल्याचं आढळलं. मापाला ते बरोबर बसले होते. पोलाद मात्र हव्या त्या ताकदीचं नव्हतं. बोल्ट झिजत गेले, जोड सैल पडला, शेपटी थरथरू लागली आणि अखेर विमान हवेतच मोडलं.

बसवताना हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? लोहार विळ्याला पाणी देतो, ते पाणी वरून दिसत नाही. विळा चालवल्यावरच कळतं. बोल्टाचंही तसंच. पोलाद किती तापवलं, किती वेगाने थंड केलं, यावर त्याची ताकद ठरते आणि ती नुसत्या नजरेला समजत नाही. नेमका किती ताण सोसेल हे पाहायचं, तर तो तोडूनच पाहावा लागतो, आणि तोडलेला बोल्ट विमानात बसवता येत नाही. म्हणून एकाच घाण्यातले काही नमुने तोडून तपासतात आणि उरलेल्यांची हमी कागदावर देतात.

न तोडता तपासणाऱ्या अल्ट्रासाउंडसारख्या पद्धती आहेत, पण त्यांच्या नजरेतूनही काही सुटतं. त्याच वर्षी १९ जुलैला अमेरिकेत सू सिटीला युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाला अपघात झाला. २९६ पैकी ११२ जणांचा जीव गेला. शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची फॅन डिस्क उड्डाणात फुटली होती. धातू वितळवताना नायट्रोजनमुळे त्यात एक कठीण, ठिसूळ ठिपका राहिला होता. त्या ठिपक्यापाशी सुरू झालेली चीर प्रत्येक उड्डाणागणिक केसाकेसाने वाढत गेली. डिस्कची मर्यादा १८,००० उड्डाणांची होती. ती १५,५०३ उड्डाणांनंतर फुटली. चौकशीत कारखान्याच्या जुन्या नोंदी उघडल्या, तर एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क कागदावर निघाल्या! धातूने दगा दिला होता आणि त्याचा माग काढायला बसलं, तर कागदही चोख नव्हते.

अशा मर्यादित आयुष्याच्या भागांचा जन्मापासूनचा इतिहास जपावा लागतो. कोणत्या इंजिनात किती उड्डाणं झाली, कुणी उघडलं, कुणी दुरुस्त केलं, सगळं. नुसत्या मातीकडे पाहून जमिनीचा मालक कळत नाही. सातबारा आणि फेरफार पाहावे लागतात. सुट्या भागाच्या या सातबाऱ्यातला महत्त्वाचा उतारा म्हणजे रिलीज सर्टिफिकेट, भाग वापरायला मोकळा केल्याचा दाखला.

अमेरिकेत त्याला तिथल्या विमान-नियामक एफएएचा फॉर्म ८१३०-३ म्हणतात, युरोपात तिथल्या नियामक ईएएसएचा फॉर्म वन, भारतात डीजीसीएचा सीए फॉर्म वन. अमेरिकी आणि युरोपीय फॉर्मची तर चौकटींची मांडणीही जवळपास सारखी आहे. अकराव्या चौकटीत भाग नवा, दुरुस्त, ओव्हरहॉल केलेला की नुसता तपासलेला, हे लिहितात. बाराव्या चौकटीत शेरे असतात: काम कोणत्या मॅन्युअलप्रमाणे झालं, सुरक्षेचे कोणते आदेश पाळले. तेराव्या चौकटीत नव्या भागासाठी कारखान्याची सही, चौदाव्यात देखभाल करणाऱ्या वर्कशॉपची.

मग एकीकडचा फॉर्म दुसरीकडे आपोआप का चालत नाही? कारण सहीला वजन येतं ते सही करणाऱ्यावर कुणाची देखरेख आहे त्यावरून. १९४४ च्या शिकागो कराराच्या कलम ३३ नुसार देश एकमेकांची विमानांची उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रं आणि वैमानिकांचे परवाने मान्य करतात. सुट्या भागांच्या प्रमाणपत्रांचा त्या कलमात उल्लेख नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे करार लागतात. अमेरिका आणि युरोपीय संघातला करार १ मे २०११ पासून लागू झाला. दोन्हीकडची मान्यता असलेलं वर्कशॉप एकाच फॉर्मवर, चौदाव्या चौकटीत दोन खुणा करून, दोन्ही नियमांखाली भाग मोकळा करू शकतं. याला ड्युअल रिलीज म्हणतात. दुसरी खूण राहिली, तर भागात काडीचाही दोष नसताना तो स्टोअरमध्ये अडकून पडू शकतो. ब्रिटन ईएएसएमधून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून तिथे स्वतःचा फॉर्म वन आला. युरोपीय ग्राहक टिकवायचे, तर ब्रिटिश वर्कशॉपना ईएएसएची मान्यता परदेशी संस्था म्हणून नव्याने घ्यावी लागली. माणसं तीच, अवजारं तीच, हातही तेच. बदललं ते जाब विचारणारं दार.

एवढं करूनही भाग थेट विमानात जात नाही. हे प्रमाणपत्र म्हणजे बसवण्याची परवानगी नव्हे, असं त्या फॉर्मवरच छापलेलं असतं. या विमानाला हाच भाग चालतो का, हे बसवणाऱ्याने स्वतः ताडून पाहायचं.

ही सावधगिरी २०२३ मध्ये कामी आली. लिस्बनला टीएपी या पोर्तुगीज विमान कंपनीच्या देखभाल विभागात सीएफएम५६ इंजिनाचा एक भाग आला. कागदावर तो नवा होता, पण इंजिनिअरांना तो वापरलेला वाटला. त्यांनी इंजिनाच्या उत्पादकांपैकी एक असलेल्या साफ्रान कंपनीला विचारलं, हे प्रमाणपत्र तुमचं का? उत्तर आलं, नाही. लंडनच्या एओजी टेक्निक्स या विक्रेत्याने खोट्या कागदांवर विकलेल्या भागांचा शोध त्यातून सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत असे भाग बसवलेली १२६ इंजिनं सापडली.

त्या खोट्या फॉर्मवरही चौकटी भरलेल्या होत्या, क्रमांक होते, सही होती. पार्टनेअरच्या बोल्टांसारखेच तेही मापाला बरोबर बसत होते. बोल्टाचं पाणी कागदावरून कळतं. कागदाचं पाणी मात्र सही करणाऱ्याला विचारल्यावरच कळतं.