गाणं घोड्यावर बसवताना

९ ऑगस्ट २०१२. लंडनच्या ग्रिनिच पार्कमध्ये ऑलिंपिकच्या ड्रेसाजची, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेची, अंतिम फेरी चालली होती. शार्लट दुजार्डिन वॅलेग्रो नावाच्या घोड्यावर मैदानात आली आणि बिग बेनचे टोल घुमले. पुढची काही मिनिटं तो घोडा जागच्या जागी टापा टाकत होता, तिरका सरकत होता, गिरक्या घेत होता, आणि प्रत्येक पाऊल वाद्यमेळाच्या ठेक्यावर पडत होतं. ९०.०८९ टक्के गुण मिळाले, सुवर्णपदकही. बघणाऱ्याला वाटावं, घोडा गाण्यावर नाचतोय.

प्रत्यक्षात उलटं असतं. आधी घोड्याचं चित्रीकरण करतात, त्याच्या प्रत्येक चालीची लय मिनिटाच्या हिशेबात मोजतात आणि मग त्या लयीत बसणारं संगीत शोधतात किंवा नवं रचून घेतात. घोडा स्वतःहून ताल धरतो, याला भक्कम पुरावा नाही. ताल धरतो तो स्वार. ठेका किंचित मागे पडला की तो कंबरेने, पोटरीने घोड्याला सांगतो आणि प्रेक्षकाला ते दिसत नाही.

हा शौक जुना आहे. १६६७ मध्ये सम्राट लिओपोल्ड पहिला याच्या लग्नानिमित्त व्हिएन्नात भव्य अश्वनृत्य झालं, त्यातल्या घोड्यांच्या नाचाचं संगीत श्मेल्त्सर या दरबारी संगीतकाराचं. त्याच शहरातल्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये पांढऱ्या लिपिझानर घोड्यांचा सकाळचा सराव आजही संगीत लावूनच चालतो. ऑलिंपिकमध्ये मात्र संगीताची फेरी आली ती १९९६ ला, अटलांटामध्ये. आपल्याकडे तिची चर्चा झाली २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेनंतर. भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण मिळवलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं पहिलं. पाठोपाठ अनुष अगरवालाने वैयक्तिक कांस्य जिंकलं, ते संगीताच्या फेरीतच.

घोड्याच्या चाली समजून घेतल्या तर गाणं निवडणं सोपं जातं. साध्या चालीत चारही टापा वेगवेगळ्या पडतात, म्हणून चार ठोके. पुढच्या दोन पायांची पावलं मोजली तर मिनिटाला शंभरच्या आसपास भरतात. ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडकीत, तिरकस जोडीतले दोन पाय एकदम पडतात. दोन ठोके, मिनिटाला साधारण १४० ते १६०. कँटरमध्ये तीन ठोके आणि नंतर क्षणभर चारही पाय हवेत. आपल्या कानाला साधी चाल केरव्यात आणि कँटर जलद दादऱ्यात सहज बसल्यासारखा वाटतो. अर्थात तबलजी तक्रार करेल, कारण हवेतल्या त्या क्षणामुळे कँटरचे तीन ठोके सारख्या अंतरावर येत नाहीत. तक्रार रास्त आहे, पण नवशिक्या स्वाराचं काम तेवढ्याने भागतं.

आणि या साऱ्याचा खरा उपयोग नवशिक्यालाच आहे. घाबरलेला स्वार सगळ्यात आधी श्वास रोखतो. मग खांदे वर चढतात, गुडघे खोगिराला घट्ट चिकटतात, कंबर आखडते. कंबर आखडली की मांड सुटते, स्वार आदळायला लागतो आणि तोल सावरायला लगाम खेचतो. अंगावर बसलेली माशी ज्याला कळते, त्या प्राण्याला हे सगळं कळतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधा, काहीसा खट्याळ प्रयोग केला होता. त्यात माणसांनी घोड्याला ठरावीक अंतर चार वेळा न्यायचं होतं, काहींनी हातात धरून तर काहींनी वर बसून. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगितलं, आता घोड्यासमोर छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्या बातमीचा पत्ता नसलेल्या घोड्याचेही वाढले.

संगीत कामाला येतं ते इथे. घोड्याला शांत करण्याआधी ते माणसाला शांत करतं. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्वतः गुणगुणणं, कारण गाताना श्वास रोखताच येत नाही. ट्रॉटमध्ये खोगिरावरून उठायचं-बसायचं ते आकडे मोजत केलं तर अंग कडक होतं. ओळखीच्या ठेक्यावर केलं तर डोक्याला वेगळं काम उरत नाही. लय एकसारखी राहिली की हातही स्थिर राहतात आणि घोड्याच्या तोंडाला बसणारे हिसके कमी होतात. कुणी आवडतं भावगीत निवडलं तरी हरकत नाही, फक्त त्याची लय घोड्याच्या पावलाशी जुळायला हवी. संथ गाणं लावून चपळ घोड्याला मागे ओढत राहिलं तर दोघंही चिडतात.

तबेल्यातल्या संगीताबद्दल मी जरा सावध आहे. पोलंडमध्ये शर्यतीच्या अरबी घोड्यांना रोज काही तास सौम्य संगीत ऐकवून पाहिलं. पहिले दोन-तीन महिने घोडे अधिक शांत राहिल्याचं हृदयाच्या नोंदींत दिसलं, पुढे परिणाम ओसरत गेला. सवय झाली की गाणं भिंतीसारखं होतं, असतं पण जाणवत नाही. शिवाय घोड्याला सुमारे ३३ हजार हर्ट्झपर्यंतचे बारीक आवाज ऐकू येतात, आपली धाव २० हजारांपर्यंतच. मोतद्दाराला मधुर वाटणारा स्वस्त स्पीकर घोड्याच्या कानात कसा वाजत असेल, हे त्याच्या कानांकडे बघूनच ठरवावं. कान मागे चिकटले की बंद.

संगीतावर हलणारा घोडा सुखी असतोच असंही नाही. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत ढोलावर पाय उचलणारे घोडे बघायला गर्दी लोटते. तिथे घोड्याला इशारा मिळतो तो ढोलापेक्षा नाचवणाऱ्याच्या दोरीतून आणि हातातल्या काठीतून, आणि तो इशारा कसा शिकवला यावर सगळं अवलंबून. युरोपच्या चकचकीत मैदानांनाही हे लागू आहे. ज्या दुजार्डिनने लंडन जिंकलं, तिनेच २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून माघार घेतली, कारण सरावात घोड्याच्या पायांवर चाबूक मारतानाची तिची चित्रफीत बाहेर आली होती. तिच्यावर एक वर्षाची बंदी आली.

आवाजाची सवय लावण्याचं आपलं उत्तम उदाहरण वारीत आहे. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व हजारो टाळ-मृदंगांच्या आणि जयघोषाच्या मधोमध रिंगण धावतात. माउलींच्या अश्वावर तर स्वारही नसतो. बुजणं हा ज्याचा स्वभाव, तो प्राणी त्या गदारोळात धावतो, याच्यामागे सवय आहे.

क्लबात शिकणाऱ्यांनी एवढं पाळावं. कानात इअरफोन घालून स्वारी करू नये. मागून येणारा घोडा आणि शिकवणाऱ्याची हाक दोन्ही ऐकू यायला हवेत. स्पीकर मैदानाच्या एका कोपऱ्यात, आवाज बोलण्याच्या वर जाऊ नये. नव्या घोड्याला आधी लांबून ऐकवावं. आणि आठवड्यातली निदान एक स्वारी गाण्याशिवाय करावी, कारण सुरुवातीच्या स्पर्धांमध्ये ड्रेसाजचा ठरलेला क्रम गाण्याच्या आधाराशिवाय करायचा असतो आणि तेव्हा लय स्वतःच्या मांडीतच शोधावी लागते.