बिनतारी घरगुती उपकरणांची जोडणी : अडचणी व उपाय

भ्रमणध्वनीवरून चालू-बंद करता येणारे दिवे, प्लग आणि दारावरील कॅमेरे आता खेड्यापाड्यांतील घरांतही दिसू लागले आहेत. तथापि नवे उपकरण घरातील वायफायशी जोडलेच जात नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते व वस्तू सदोष समजून दुकानदाराकडे परत नेली जाते. अशा वेळी दोष पुष्कळदा उपकरणात नसून जोडणीच्या रीतीत असतो. यास्तव पुढील बाबी क्रमाने तपासणे हितावह ठरते.

पहिली बाब लहरींच्या पट्ट्याची. राउटर बहुधा २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. स्वस्त दिवे व प्लग मात्र सामान्यतः केवळ २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा ओळखतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असल्यास काही उपकरणे जोडणीच्या वेळी अडखळतात. त्यावर उपाय म्हणजे दोन्हींना वेगळी नावे द्यावीत किंवा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा तात्पुरता बंद ठेवावा. वायफायचा परवलीचा शब्दही अक्षर न् अक्षर पडताळावा.

दुसरी बाब उपकरणाच्या अवस्थेची. जोडणीस सज्ज असलेल्या उपकरणाचा दिवा सहसा लुकलुकतो आणि ही अवस्था काही मिनिटेच टिकते. दिवा लुकलुकत नसल्यास माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे त्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. वापरलेली वस्तू विकत घेतली असेल, तर पूर्वीच्या मालकाने ती आपल्या खात्यातून काढून टाकलेली असणे आवश्यक असते.

तिसरी बाब भ्रमणध्वनीची. जोडणीपुरते ब्लूटूथ व स्थानदर्शक सुविधा चालू ठेवून संबंधित ॲपला आवश्यक ती अनुमती द्यावी. काही उपकरणे आरंभी स्वतःचे तात्पुरते वायफाय निर्माण करतात. त्यावर इंटरनेट नसल्याने भ्रमणध्वनी ते सोडून मोबाइल डेटाकडे वळतो. म्हणून तेवढा वेळ मोबाइल डेटा बंद ठेवावा.

चौथी बाब अंतराची. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, सळयांचे काँक्रीट, लोखंडी कपाटे आणि पाण्याच्या टाक्या यांमुळे लहरी क्षीण होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मायक्रोवेव्ह भट्टीचाही व्यत्यय येतो. प्रथम राउटरजवळ जोडणी करून मगच उपकरण नियोजित जागी न्यावे. तेथे संपर्क तुटल्यास राउटरची जागा बदलावी.

शाळा व कार्यालये यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्या वायफायवर प्रथम पडद्यावर नाव व संकेतांक भरावा लागतो, त्यावर ही उपकरणे सहसा जोडली जात नाहीत, कारण त्यांना असा अर्ज भरता येत नाही.

एवढे करूनही यश न आल्यास साहाय्यासाठी पुस्तिकेत किंवा वेष्टनावर छापलेल्या क्रमांकावरच संपर्क साधावा. इंटरनेटवर शोधताना सापडलेले ग्राहकसेवेचे क्रमांक कित्येकदा भामट्यांचे असतात. जोडणी करून देण्याच्या मिषाने ओटीपी मागणाऱ्यास किंवा भ्रमणध्वनीचा पडदा दिसेल असे ॲप घ्यावयास सांगणाऱ्यास साफ नकार द्यावा. आर्थिक फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. कॅमेरा जोडल्यावर त्याचा मूळचा परवलीचा शब्द त्वरित बदलावा. अन्यथा घराच्या राखणीसाठी बसविलेला कॅमेराच घरातील दृश्ये परक्यांना दाखवू शकेल.