नाव नको, नांग्या मोजा!

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्यातल्या झिंग्याच्या भाईबंदांना कोकणात कोळंबी म्हणतात, तर गोव्यात सुंगट. आपला खेकडा रायगडकडे चिंबोरी होतो आणि मालवणात कुर्ली!

इंग्रजी पुस्तकांत गोड्या पाण्यातला असाच एक प्राणी भेटतो. त्याचे नाव क्रेफिश. अमेरिकेत त्याला क्रॉफिश किंवा क्रॉडॅड म्हणतात, ऑस्ट्रेलियात याबी. नावात 'फिश' असले तरी तो मासा नव्हे. फ्रेंच भाषेत त्याला 'एक्रेविस' म्हणतात. या शब्दाचे जुने रूप इंग्रजांच्या तोंडी रुळले आणि शेवटच्या 'विस'चा 'फिश' झाला.

मग क्रेफिश म्हणजे आपला झिंगाच का? नाही. झिंगा, खेकडा, क्रेफिश आणि समुद्रातील शेवंड हे सारे दशपाद, म्हणजे पायांच्या पाच जोड्या असलेले प्राणी. फरक आहे तो नांग्यांत. क्रेफिशच्या पहिल्या तीन जोड्यांना नांग्या असतात आणि पहिली जोडी सर्वांत दणकट असते. झिंग्याच्या फक्त पहिल्या दोन जोड्यांना नांग्या असतात. गोदावरीतील मोठ्या झिंग्यात दुसरी जोडी चांगलीच लांब असते. म्हणूनच त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम, म्हणजे 'मोठ्या बाहूंचा'. खेकड्याची पहिलीच जोडी नांग्यांची असते आणि त्याचे पोट छातीखाली दुमडलेले असते. शेवंडाला मोठ्या नांग्या नसतातच.

क्रेफिशच्या सहाशेहून अधिक जाती जगात आहेत. परंतु भारतातील नद्यांत मूळची एकही नाही. मत्स्यालयात ठेवण्यासाठी मात्र परदेशी क्रेफिश विकले जातात. कंटाळा आला म्हणून असा प्राणी कुणी विहिरीत किंवा तळ्यात सोडला तर? अमेरिकेतील लाल क्रेफिश परमुलखात पसरून पाणवनस्पती फस्त करतो आणि बिळे पाडून बांध पोखरतो. संगमरवरी क्रेफिशची तर एकटी मादी, नराशिवाय, पिले देते! मादागास्करमध्ये ही जात अशीच पसरली आहे.

असा पाहुणा आपल्या तळ्यात आला आणि सर्वांनी त्याला 'झिंगा' म्हणून सोडून दिले, तर धोका कळणार कसा? बोलीतली नावे जरूर जपा; पण ओळख पटवताना नांग्या मोजा. आणि मत्स्यालयातला प्राणी नदी-विहिरीत कधीही सोडू नका.