कंबर धरली? आधी दुखणे ओळखा

भातलावणीचे दिवस. दिवसभर चिखलात वाकून संध्याकाळी बांधावर सरळ उभे राहावे, तर कंबर धरलेली! मग उसण भरली म्हणून कोणी पायाळू माणसाचा पाय लावून घेतो, तर कोणी आठ-आठ दिवस अंथरूण धरतो. बंधू-भगिनींनो, दोन्हींच्या आधी दुखणे म्हणजे काय ते समजून घ्या.

वेदना ही शरीराची राखण आहे. धोका वाटला की मेंदू इशारा देतो आणि पाठीचे स्नायू आवळले जातात. दुखणे जास्त म्हणजे इजाही मोठीच, असे नसते. बहुतेक साधी कंबरदुखी काही आठवड्यांत कमी होते.

अमेरिकेतील डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ साली ऑस्टिओपॅथी ही उपचारपद्धती मांडली. शरीरात स्वतःला सावरण्याची शक्ती असते, तिला हातांनी साथ द्यावी, हा तिचा पाया. शिकलेल्या हातांनी स्नायू सैल केले, सांधे हलवले, तर काहींना उतार पडतो. पण सोबत हालचाल हवीच. झेपेल तसे चालत राहा. तासन्‌तास एकसारखे वाकू नका. ओझे गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून उचला.

मात्र पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली, सोबत ताप आला किंवा झाडावरून पडल्यावर दुखू लागले, तर चोळू नका, पाय लावून घेऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. राहिलेली लावणी इर्जिकीने होईल; गेलेली ताकद परत येईलच असे नाही.